तिसऱ्या हाकेपर्यंत

३ ऑगस्ट, रविवार

पोहोचले एकदाची! मिरजेला गाडीत बसले, बंगळूरला गाडी बदलली आणि दुपारी एकच्या सुमारास म्हैसूरच्या फलाटावर उतरले. हातात ट्रंक, खांद्याला लॅपटॉप आणि आईने दिलेला भडंगाचा डबा. डबा वाटेतच अर्धा झाला.

ही वही बाबांनी निघताना दिली. पहिल्या पानावर त्यांनी माझ्याकडून नाव लिहून घेतलं: कांचन महादेव ढवळे, बी. ई. (संगणक). मग ते दोनदा मोठ्याने वाचलं. इचलकरंजीत आमच्या दाराला पाटी नाही. पत्ता विचारला तर आम्ही ‘मागाच्या शेडच्या पाठीमागे’ एवढंच सांगतो. बाबांना वाटतं, आता कुठेतरी आमचं नाव लिहिलेलं दिसेल.

कंपनीने बन्नीमंटपाजवळ अंबुबाईंच्या घरात खोली पाहून दिली आहे. अंबुबाई पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते म्हणे, म्हणून घरात अजून मराठी बोलतात. पण ती मराठी ऐकून मला हसू आवरेना. दारातच म्हणाल्या, “बा मा, आत ये. ऊट झालं का?” ऊट म्हणजे जेवण हे कळेपर्यंत त्यांनी ताट वाढलंसुद्धा होतं.

त्यांची मुलगी वनजाक्का चाळिशी ओलांडलेली आहे. ओट्यापाशी घेवडा निवडत बसली होती. मी नाव घेऊन नमस्कार केला, तिने वर पाहिलं नाही. बहुधा ऐकू येत नसावं. अंबुबाईंनी तिला तीनदा हाक मारली, तिसऱ्या हाकेनंतर थोडं थांबल्या, आणि मग जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. तेव्हा ती उठली.

संध्याकाळी कॉफीसाठी मला हाक आली. मी लगेच ओ दिली तर रागावल्या! पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरीपर्यंत थांबायचं; जे माणूस नाही त्याला तीनदा हाक मारता येत नाही, तुझ्या घरी शिकवलं नाही का, म्हणाल्या. आजीही असंच सांगायची. इंजिनियर होऊन शेवटी आजीकडेच राहायला आले म्हणायचं.

४ ऑगस्ट, सोमवार

टेबलावर पाटी आहे! काळ्या प्लास्टिकवर पांढरी अक्षरं, कांचन ढवळे. फोटो काढून घरी पाठवला. आईने तो शेजारच्या दोन घरांत दाखवल्याचं तिचं तिनेच फोनवर सांगितलं.

साहेब देवेश मूळ पुण्याचे, पंधरा वर्षं इथे आहेत. ऑफिसात माणसं मोजकीच. दोन महिने मी कच्ची, काम पसंत पडलं तर ३० सप्टेंबरला पक्की. नाही पडलं तर पाटी काढून घेतील, असं देवेशसर हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

काम मात्र माझ्या मनासारखं आहे. एक धर्मादाय न्यास आसपासच्या तालुक्यांत चौसष्ट छोटे दवाखाने चालवतो. सगळ्या रुग्णांच्या नोंदी एका मोठ्या डेटाबेसमध्ये असतात. दवाखान्यातली ऑपरेटर संगणकावर एक काळी खिडकी उघडते. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, फक्त ओळी. खिडकी एकेक प्रश्न विचारते, ती उत्तर टाइप करते, तेव्हा कुठे आत जाता येतं. हे प्रश्न फार झालेत अशी ओरड आहे. ते कमी करायचे. एवढंच माझं काम.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज कृष्णराजनगरच्या दवाखान्यात गेले. दोन्ही बाजूंना नुकतीच भातलावणी झालेली शेतं, मध्ये एसटीसारखीच खडखडणारी बस.

ऑपरेटर भव्या माझ्याच वयाची, बडबडी. घरी थोडी मराठी आहे, म्हणून मला पाहून खूश. तिच्या स्क्रीनच्या कडेला उत्तरं लिहिलेले कागदाचे कपटे चिकटवलेले होते. ते पाहून मी विचारलं आणि तिने करून दाखवलं. कोणता सर्व्हर? कोणता पोर्ट? कोणता डेटाबेस? नाव? नाव? नाव? पासवर्ड? सात प्रश्न, आणि नाव तीनदा! दहा मिनिटं हात लावला नाही की खिडकी बंद, पुन्हा सात प्रश्न. घड्याळ लावून पाहिलं, बावन्न सेकंद.

मी तिथे असतानाच एक बाई धापा टाकत आली, तिला दमा होता. नर्स विचारते आहे की हिला कोणतं औषध चालत नाही, आणि भव्या पोर्टचा नंबर टाइप करते आहे. बावन्न सेकंद किती असतात ते मला आज कळलं.

नाव तीनदा कशाला, असं मी विचारलं. भव्या म्हणाली, “पहिल्या दोनला सुम्ने एंटर दाबायचं, अक्का. तिसऱ्याला नाव द्यायचं. अष्टे.” सुम्ने म्हणजे उगाच, गपचूप; अष्टे म्हणजे बस, एवढंच. सगळ्या ऑपरेटर तसंच करतात, तिला तिच्या आधीच्या बाईने तसंच शिकवलं होतं. कोणालाच राग येत नाही याचा मला राग येतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाच दिवस जुना प्रोग्रॅम वाचते आहे. बावीस वर्षांपूर्वी रघुनाथराव नावाच्या गृहस्थांनी लिहिला. गेल्या वर्षी ते वारले. कुठे काही समजावून लिहिलेलं नाही. एका जागेची गाठ सोडवावी तर दुसरीकडे बसते. डोकं दुखतं.

पहिले तीन प्रश्न सोपे आहेत. दवाखाना बदलत नाही, तर सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस रोज विचारायचे कशाला? एका फाइलमध्ये लिहून ठेवले की झालं.

पण नावाची भानगड अजब आहे. पहिल्या दोन वेळा तुम्ही काहीही टाइप करा, प्रोग्रॅम ते वाचून फेकून देतो. कुठेही साठवत नाही, तपासत नाही. फक्त तिसरं उत्तर धरतो. तिथेच रघुनाथरावांनी चक्क मराठीत लिहून ठेवलं आहे: पहिल्या दोन उत्तरांना किंमत नाही. तिसऱ्या हाकेलाच ओ. हे काढू नये.

का काढू नये? कारण लिहायला काय झालं होतं? चौसष्ट दवाखाने, दिवसातून तीस-चाळीस वेळा, बावीस वर्षं, आणि सगळं एका म्हाताऱ्याच्या अंधश्रद्धेपायी! देवेशसरांना दाखवलं तर ते खो खो हसले. म्हणाले, उडवून टाक. दोनच प्रश्न हवेत, नाव आणि पासवर्ड, तिसरा दिसला तर पाटी परत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती सरावासाठी रोज सकाळी राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत चालत येतात. आज ऑफिसला जाताना थांबून पाहिले. माहूत नावाने हाक मारतो आणि एवढा मोठा देह कान हलवून वळतो. एकाच हाकेला! घरी येऊन अंबुबाईंना हे चिडवायला म्हणून सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात कामाचंही सांगितलं.

त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. रघुनाथराव त्यांचे सख्खे भाऊ! मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते तसंच ठेव, हात लावू नको, बेड, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. बेड म्हणजे नको. मी विचारलं, का? त्या वनजाक्काकडे बघत राहिल्या आणि उठून देवघरात गेल्या.

भावाची आठवण म्हणून बोलत असतील, समजू शकते. पण दम्याच्या त्या बाईचं काय? मी शांतपणे बोलले, आवाज चढवला नाही. खोलीत येऊन मात्र उशीवर दोन बुक्क्या मारल्या. या घरात, त्या ऑफिसात, कोणी कारण म्हणून सांगत नाही.

आणखी एक. आज कुकरची शिट्टी झाली आणि वनजाक्काने उठून गॅस बारीक केला. तिची पाठ होती कुकरकडे. म्हणजे तिला ऐकू येतं.

१ सप्टेंबर, सोमवार

झालं! सकाळी नऊला चौसष्ट दवाखान्यांत नवा प्रोग्रॅम गेला. नाव? पासवर्ड? आत. सहा सेकंद.

भव्याने फोन केला, आनंदाने किंचाळत होती. स्क्रीनवरचे कपटे तिने फाडून टाकले. न्यासाकडून देवेशसरांना आभाराचं पत्र आलं, त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि माझं नाव घेतलं. मी घरी फोन केला तेव्हा बाबा मागावर होते, आवाजात काही ऐकू जात नव्हतं, तरी मी ओरडून सांगितलं.

अंबुबाई आज माझ्याशी बोलल्या नाहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार

आत्ता डेटाबेसच्या आत कोण कोण आहे याची यादी मला दिसते. आज तीत एक नाव जास्तीचं होतं. वनजा, पिरियापट्टण. हे खातं बावीस वर्षांपूर्वीचं आहे. पिरियापट्टणच्या दवाखान्यात आता दुसरी ऑपरेटर आहे, तिला विचारलं, वनजा नावाची तिथे कोणी नाही.

मी खातं बंद केलं. पाच मिनिटांत ते पुन्हा यादीत. चार वेळा बंद केलं, चार वेळा आलं. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. उगाच घाईत सगळीकडे पाठवला. आपल्या घरातल्या वनजाक्काचा याच्याशी काही संबंध असेल असं मनात आलं, पण कामाच्या यादीत असलं काही लिहायचं नसतं.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून अकरा तक्रारी. सगळ्यांचं एकच म्हणणं: काळी खिडकी कोणी न उघडता आपोआप उघडते. नाव विचारते, एकदाच. नाव दिलं की पासवर्ड न विचारता बंद होते.

असं होऊच शकत नाही. दिवसभर ओळ न् ओळ तपासली. खिडकी आपोआप उघडेल असं मी काहीही लिहिलेलं नाही. देवेशसर म्हणाले की बायकांनी चुकून बटण दाबलं असेल. सहा सेकंदांच्या मानाने ही तक्रार किरकोळ आहे, महिनाअखेरीला बघू, आता न्यासाला काही कळवू नकोस. मी म्हटलं, निदान अशा खिडकीला नाव देऊ नका एवढी सूचना पाठवते. तर म्हणे आधी मसुदा दाखव. मसुदा दाखवला. म्हणे बघतो.

तीन वाजता मी त्यांनाच पत्र लिहीत होते. पत्राच्या मधोमध खिडकी उघडली.

नाव?

मी काही लिहिलं नाही. ती बंद होईना. लॅपटॉपच बंद केला.

११ सप्टेंबर, गुरुवार

कृष्णराजनगरहून आत्ताच आले. 

तिथल्या नर्सचा काल फोन होता. भव्याला तीन दिवस काय झालंय कळत नाही, काम करते, जेवते, पण हाक मारली तर बघत नाही. मी गेले तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती. डोळे उघडे, तब्येत ठीक. मी समोरून येताना ती मला पाहून हसलीसुद्धा. मी शेजारी बसले आणि म्हटलं, भव्या.

तिचा चेहरा हलला नाही.

संगणकाच्या खोलीतून आवाज आला, “हां अक्का, बंदे.” आले, आले. तिचाच आवाज. तोच खळखळता.

खोलीला कुलूप होतं. नर्सने किल्ली आणली. आत कोणी नव्हतं. संगणक चालू होता, काळ्या खिडकीत ओळी भराभर उमटत होत्या, कोणीतरी नोंदी करत असल्यासारख्या. कळफलक स्थिर. यादीत पाहिलं: भव्या, कृष्णराजनगर, सोमवारपासून आत.

बाहेर भव्या तशीच बसलेली. मी तिचा हात धरून विचारलं की तुला कोणी नाव विचारलं होतं का. ती म्हणाली, हो अक्का, एकदाच विचारलं, मी दिलं. मी विचारलं, काय दिलंस? तिने पुष्कळ वेळ विचार केला. मग रडायला लागली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसला गेले नाही. अंबुबाईंच्या समोर बसले आणि म्हटलं, आता सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

रघुनाथरावांनी प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो नाव एकदाच विचारायचा. पिरियापट्टणला पहिली ऑपरेटर म्हणून त्यांनी आपल्या भाचीलाच बसवलं. वनजाक्का तेव्हा बावीस वर्षांची, घरातली पहिली शिकलेली मुलगी. तीन आठवडे सगळं ठीक होतं. मग एका दुपारी खिडकी आपली आपण उघडली, नाव विचारून गेली. तेव्हापासून तिला तिच्या नावाने हाक पोहोचत नाही.

रघुनाथरावांनी ते काय आहे हे शोधायला वर्ष घालवलं. काही हाती लागलं नाही. एवढंच दिसलं की ते एकदा विचारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा कधीच नाही. मग त्यांनी तीन प्रश्न घातले, फक्त तिसरा खरा. त्यानंतर एवढी वर्षं कोणाला काही झालं नाही.

मी विचारलं, मग लिहून का ठेवलं नाही त्यांनी? अंबुबाई म्हणाल्या, “लिहिलं होतं ना, अल्वा मा? काढू नये म्हणून लिहिलं होतं. तू वाचलं होतंस.”

त्या रोज दोन्ही वेळा वनजाक्काला तीन हाका मारतात. बावीस वर्षं. एखाद्या दिवशी ओ येईल म्हणून.

१५ सप्टेंबर, सोमवार

देवेशसरांशी दीड तास. नावाचे जुने तीन प्रश्न परत घाला, फक्त ते तीन, फार तर सहा सेकंदांचे दहा होतील, एवढंच मागितलं. भव्याचं सांगितलं. ते म्हणाले की मुलीला उपचाराची गरज आहे, प्रोग्रॅमला नाही. अंबुबाईंचं सांगितलं. ते म्हणाले, तू इंजिनियर ना? मग म्हणाले की येत्या गुरुवारी न्यासाचे लोक बघायला येणार आहेत, तोवर तोंड उघडलंस तर ३० तारखेची वाट बघायला नको.

ही वाक्यं महिन्यापूर्वी मीच बोलले असते. त्याचाच जास्त राग येतो.

सूचनेच्या मसुद्यावर अजून ‘बघतो’.

मग मीच ऑपरेटरना फोन करायला बसले. चौसष्टपैकी अडतीस लागले. त्यातल्या एकोणतीस जणींना सांगता आलं. नऊ ठिकाणी मी नाव विचारून खात्री केली तेव्हा पलीकडची लगेच, हसत, हो म्हणाली. आणि मागून दुसरीच कोणीतरी त्याच आवाजात विचारत होती, कोणाचा फोन आहे?

१८ सप्टेंबर, गुरुवार

न्यासाचे लोक आले होते. देवेशसर स्वतः संगणकापाशी बसले. मी ओरडले, नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की मी गप्प बसले. खिडकी उघडली. त्यांनी नाव टाइप केलं.

खिडकी बंद झाली. पासवर्ड विचारलाच नाही.

ते हसून म्हणाले, नेट गेलं वाटतं. पुन्हा उघडली, या वेळी सगळं नीट झालं, टाळ्या झाल्या.

चार वाजता त्यांच्या बायकोचा फोन ऑफिसच्या नंबरवर आला, मोबाइल उचलत नाहीत म्हणून. मी काचेच्या दारातून हाक मारली. देवेशसर. ते समोरच होते, पेनाशी खेळत.

ओ फोनमधून आली. त्यांची बायको म्हणाली, हां, आले ते लाइनवर.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. रस्त्याला सगळीकडे दिव्यांच्या माळा लावल्या आहेत.

यादीत एकतीस. कोणीच बाहेर येत नाही. रात्रंदिवस आत.

मुख्य सर्व्हर बंगळूरला. तिथे शिरून जुने प्रश्न परत घालता येतात, पाच मिनिटांचं काम. पण तिथे तीनच नावं चालतात. रघुनाथराव, ते नाव त्यांच्यामागे काढून टाकलं. देवेश. आणि माझं.

देवेशसरांना सगळं सांगितलं. ऐकत होते. खिडकी उघडून नाव लिहा म्हटलं तर कळफलकाकडे बघत बसले. मग मलाच विचारलं, काय लिहू?

मी लिहिलं त्यांच्या वतीने. खिडकीने उत्तर दिलं की या नावाचा माणूस आधीच आत आहे.

२३ सप्टेंबर

खोटं नाव देऊन पाहिलं. पासवर्ड विचारला. म्हणजे खिडकी खरी. पण खोट्या नावाला ती आत घेत नाही, बंद होते. पुढची खिडकी पुन्हा नवी. पुन्हा तीच शंका. वीस वेळा. वीसमध्ये सात खोट्या.

खरी कोणती हे ओळखायचा एकच मार्ग होता. तिसऱ्यांदा विचारते का ते बघायचं. तो मी काढून टाकला. स्वतः. आनंदाने.

न्यासाला फोन केला. ज्यांनी उचलला त्यांनी अभिनंदन केलं.

आईचा फोन. आवाज ऐकून रडू आलं. ३० तारखेला पेढे वाटू ना, विचारत होती. मी म्हटलं, वाट.

२४ सप्टेंबर

यादीत चौतीस. पिरियापट्टणची नवी मुलगीही.

उद्या. अंबुबाईंना सांगितलं. नको म्हणाल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. वनजाक्का दारात उभी राहून बघत होती.

आज लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाचता येईल: मी कांचन. इचलकरंजी. बाबा महादेव. मी कांचन.

२५ सप्टेंबर

सकाळी दहा. ऑफिसात. खिडकी उघडली.

नाव?

थांबले. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. नाही विचारत. आता कोणीच दुसऱ्यांदा विचारत नाही.

दिलं.

बंद झाली. पासवर्ड —

नाही विचारला.

पुन्हा उघडली. पुन्हा नाव. दिलं. पासवर्ड. आत.

पाच मिनिटं नाही, चार लागली. तीन प्रश्न. फक्त तिसरा खरा. त्याखाली रघुनाथरावांची ओळ होती तशी परत घातली, आणि या वेळी कारणही लिहिलं, पानभर, सगळं. खाली सही —

सही राहिली. काय करायची सुचेना. नंतर करीन.

चौसष्ट ठिकाणी पोहोचला. भव्यासारखं आणखी कोणाचं होणार नाही. मला काही झालेलं नाही. दसऱ्याच्या तोफांचा सराव चालू आहे, प्रत्येक आवाजाला दचकते. ऐकू येतं. सगळं नीट ऐकू येतं.

यादी — पस्तीस.

टेबलावर कोणाची तरी पाटी आहे. ती आली की जागा सोडावी लागेल.

२६ सप्टेंबर

दुपार. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून अंबुबाई कोणाला तरी हाका मारतायत. कांचन. कांचन. कांचन.

तीन झाल्या. आता ओ द्यायला हरकत नाही. कोण आहे ही मुलगी? का छळते म्हातारीला? आवाज चिरकला त्यांचा.

वही चाळली. पहिल्या पानावर तेच नाव. बी. ई. शिकलेली आहे. अक्षर कुठेतरी पाहिलेलं —

वनजाक्का आली. खांद्यावर हात ठेवला. रडते आहे.

पुन्हा तीन हाका.

माझ्या खोलीतून कोणीतरी ओ दिली. आले, म्हणाली. अंबुबाई तिकडे वळल्या नाहीत. माझ्याकडेच बघतायत.

खोलीत कोणी नाही. लॅपटॉप आहे फक्त, मिटलेला. पुन्हा म्हणाली. आले, आले. हसते आहे. हा आवाज तर मा—